साथीला कोणीच नको होतं

रेकॉर्डच्या मधोमध जो गोल कागद चिकटवलेला असतो, त्यावर गाण्याच्या नावाखाली कंसात बारीक अक्षरांत काही नावं असतात. शब्द कोणाचे, चाल कोणाची. आपण ती वाचत नाही. गाणाऱ्याचं नाव बघतो आणि सुई टेकवतो. पण पैसा मात्र त्या कंसाच्या वाटेनेच येतो. गाणं रेडिओवर लागलं, दुसऱ्या कोणी गायलं, चाळीस वर्षांनी एखाद्या सिनेमात वाजलं, की कंसातल्या माणसांना त्यांचा वाटा मिळतो. 'सनशाईन ऑफ युअर लव्ह' या गाण्याखाली तीन नावं आहेत: ब्रूस, ब्राउन, क्लॅप्टन. हे गाणं ज्या बँडचं, त्या 'क्रीम'मध्येही माणसं तीनच होती. जॅक ब्रूस बेस गिटार वाजवायचा आणि गायचा, एरिक क्लॅप्टन गिटारवर, आणि ड्रमवर जिंजर बेकर. म्हणजे हिशेब बघा. पीट ब्राउन हा कवी, जो कधी बँडमध्ये नव्हताच, तो कंसाच्या आत. आणि ज्याच्या डोक्यातून मुळात हा बँड निघाला, तो बेकर बाहेर.

बेकर २०१९ साली वारला. तोवर जो कोणी मुलाखत घ्यायला गेला त्याला त्याने हा हिशेब ऐकवला.

क्रीम जुलै १९६६ मध्ये सुरू झाला आणि २६ नोव्हेंबर १९६८ ला लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये एका दिवशी दोन कार्यक्रम करून संपला. अडीच वर्षंसुद्धा नाहीत. तेवढ्यात तीन अल्बम, मोडल्यावर बाजारात आलेला चौथा, आणि रॉकमध्ये घड्याळ बाजूला ठेवून मैफलीसारखं वाजवत बसायची जी रीत पुढे रूढ झाली तिचं बरंचसं श्रेय. किंवा खापर, ज्याची त्याची आवड. बँड का मोडला याचं एक ठरलेलं उत्तरही सगळीकडे मिळतं: ब्रूस आणि बेकरचं पटत नव्हतं. हे उत्तर मला कधीच पुरेसं वाटलं नाही. त्यांचं पटत नाही हे बँड जन्माला यायच्या आधीपासून लंडनच्या सगळ्या वाजवणाऱ्यांना ठाऊक होतं. नुसत्या भांडणाने मोडायचं असतं तर क्रीम सुरूच झालं नसतं.

मी क्रीम ऐकायला लागलो तेव्हा ते मोडून जमाना झाला होता. घरात ख्याल आणि नाट्यसंगीत, त्यामुळे कान तयार झाले ते त्यावर. कोण गातंय, साथीला कोण आहे, ठेका कसा लावलाय, हे आधी कानांत शिरायचं. कदाचित म्हणूनच क्रीमबद्दल मला पहिला प्रश्न पडला तो असा: या तिघांत साथीदार कोण? उत्तर सापडेना. पुढे त्यांचा इतिहास वाचत गेलो तसतसं वाटू लागलं, की उत्तर नसणं हीच या बँडची सगळी गोष्ट आहे.

आधी ते भांडण सांगून टाकतो. बेकर दक्षिण लंडनमधल्या लुइशमचा, जन्म १९३९. वडील गवंडी, दुसऱ्या महायुद्धात मारले गेले. पोराला सायकल शर्यतींचं वेड, टूर द फ्रान्सची स्वप्नं. अपघातात सायकल मोडली आणि तो ड्रमकडे वळला. फिल सीमन या जॅझ ड्रमरने त्याला आफ्रिकन ढोलांच्या रेकॉर्ड ऐकवल्या, आणि त्याचं लयीचं गणितच पालटलं. (हेरॉइनची ओळखही त्याच संगतीतली. ती पुढे अनेक वर्षं सुटली नाही.) ब्रूस ग्लासगोजवळच्या बिशपब्रिग्जचा, बेकरहून जवळजवळ चार वर्षांनी लहान. ग्लासगोच्या संगीत अकादमीत चेलो शिकायचा आणि खर्चासाठी रात्री जॅझ बँडात वाजवायचा. अकादमीला हे चालेना, तेव्हा त्याने अकादमीच सोडली. एक रस्त्यावरून लय शिकून आलेला, दुसरा बाख वाचून आलेला. दोघे आधी अलेक्सिस कॉर्नरच्या ब्लूज इन्कॉर्पोरेटेडमध्ये आणि १९६३ पासून ग्रॅहम बाँडच्या बँडमध्ये एकत्र होते.

इथे जरा थांबून एक गंमत सांगतो. बाँडच्या त्या पहिल्या चौकडीत चौथा होता गिटारवादक जॉन मॅक्लॉफ्लिन. त्याला काही महिन्यांतच काढलं गेलं. तोच मॅक्लॉफ्लिन पुढे 'शक्ती'मध्ये आपल्या माहीमच्या झाकिर हुसेनशेजारी मांडी घालून बसला, आणि साथ आणि सवाल-जवाब यांचं नातं काय असतं ते सगळ्या जगाला वाजवून दाखवलं. बाँडच्या बँडमध्ये ते त्याला दिसलं असण्याची शक्यता कमीच.

तिथे काय चालायचं त्याच्या कथा पुष्कळ आहेत. एकमेकांच्या वाद्यांची मोडतोड, चालू कार्यक्रमात मंचावर हाणामारी. बाँड स्वतः व्यसनात बुडत चालला होता, त्यामुळे बँडची व्यवस्था बेकरच्या हातात आली आणि त्याने ब्रूसला काढून टाकलं. ब्रूस तरीही यायचा, वाद्य लावायचा, वाजवायला उभा राहायचा. शेवटी बेकरने चाकू दाखवला, तेव्हा तो यायचा थांबला. चाकू सगळ्यांच्या लक्षात राहतो. मला महत्त्वाची वाटते ती त्यामागची बेकरची तक्रार: ब्रूस फार वाजवतो. बेसवाल्याने ठेका धरून बसावं, हा मधेमधे तान घेतो. ही तक्रार स्वभावाबद्दलची नव्हती. कोणी कुठे बसायचं याबद्दलची होती.

ब्रूस तर उघडच म्हणायचा की बेस हे ठेक्याचं वाद्य आहे असं कुठे लिहून ठेवलंय?

आता तिसरा. क्लॅप्टन १९४५ चा, सरे परगण्यातल्या रिप्लीचा. आजी-आजोबांना आईवडील समजत वाढलेला मुलगा. यार्डबर्ड्समध्ये होता. त्यांचं एक गाणं बाजारात चाललं, आणि हे आपलं ब्लूज (अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं जुनं संगीत) नव्हे म्हणून १९६५ मध्ये त्याने तो बँड सोडला. जॉन मेयॉलच्या ब्लूज बँडमध्ये गेला तेव्हा लंडनमध्ये कोणीतरी भिंतीवर 'क्लॅप्टन देव आहे' असं रंगवलं. विशीतल्या पोराला असं काही वाचायला मिळणं चांगलं नसतं, पण ते असो. त्याच्या मनात चित्र होतं ते शिकागोचा ब्लूज गिटारवादक बडी गाय याचं. त्या बडीला तिघांत वाजवताना क्लॅप्टनने पाहिलं होतं: पुढे एकटा गिटारवाला, मागे बेस आणि ड्रम इमानाने ठेका धरून. तसं काही करावं, आपण पुढे उभं राहावं.

१९६६ मध्ये मेयॉलच्या एका कार्यक्रमात बेकरने दोन गाणी वाजवली आणि नंतर क्लॅप्टनला आपल्या नव्या कोऱ्या रोव्हरमधून घरी सोडायला निघाला. वाटेत विचारलं, नवा बँड काढतोय, येतोस का? क्लॅप्टन म्हणाला, येतो, पण बेसवर जॅक ब्रूस हवा. दोघांमधलं वैर त्याला ठाऊक नव्हतं. तो सांगतो, हे ऐकून बेकरची गाडी आदळता आदळता राहिली. पण बेकर गेला. ब्रूसच्या घरी जाऊन समेट केला. का केला? माझ्या मते कारण साधं आहे. एवढ्या तोडीचा बेसवाला लंडनमध्ये दुसरा नव्हता, आणि हे बेकरला चाकू दाखवतानाही माहीत होतं.

म्हणजे सुरुवातीलाच तीन माणसांच्या डोक्यात तीन वेगळे बँड होते. क्लॅप्टनच्या डोक्यात बडी गाय. बेकरच्या डोक्यात जॅझ, जिथे ड्रम मागे बसत नाही. ब्रूसच्या डोक्यात आपली गाणी, आपला आवाज, आपला बेस. नाव ठेवलं 'क्रीम', कारण आपण तिघे म्हणजे दुधावरची साय, असा रास्त गर्व. 'मेलडी मेकर' या संगीत साप्ताहिकात बातमी आधीच फुटली आणि ज्यांचे बँड हे सोडून येणार होते ते खवळले. ३१ जुलैला विंडसरच्या महोत्सवात भर पावसात त्यांनी पहिला मोठा कार्यक्रम केला. आदल्याच दिवशी इंग्लंडने फुटबॉलचा विश्वचषक जिंकला होता, देश त्या तारेत होता. गाणी बसवलेली मोजकी. ती संपली की काय करायचं? वाजवत राहायचं. लांबलचक सोलोंचा हा मोठा संप्रदाय मुळात सामान कमी पडलं म्हणून सुरू झाला, याची मला फार मौज वाटते.

पहिला अल्बम 'फ्रेश क्रीम' डिसेंबर १९६६ मध्ये आला. त्याबद्दल मला फारसं म्हणायचं नाही. बरा आहे. जुन्या ब्लूजची नवी रंगरंगोटी, आणि शेवटी बेकरचा ड्रम सोलो 'टोड', ज्याकडे मी परत येणार आहे.

त्याआधी ऑक्टोबरात एक प्रसंग घडला होता. लंडनच्या रीजंट स्ट्रीट पॉलिटेक्निकमध्ये क्रीमचा कार्यक्रम होता. अमेरिकेहून जेमतेम आठवडाभरापूर्वी आलेला एक अनोळखी तरुण विचारत आला, तुमच्याबरोबर एक गाणं वाजवू का? नाव जिमी हेन्ड्रिक्स. त्याने हाउलिन वुल्फचं 'किलिंग फ्लोर' अशा काही वेगात वाजवलं की क्लॅप्टनचे हात गिटारवरून खाली आले आणि तो मंचाच्या कडेला निघून गेला. भिंतीवर रंगवलेल्या देवाला हे असं भर सभेत कळावं! पण क्रीमला याचा फायदा झाला. जानेवारी १९६७ मध्ये हेन्ड्रिक्सचा सॅव्हिल थिएटरमधला कार्यक्रम ऐकून ब्रूस घरी गेला आणि बेसवर एक सुरावट वाजवू लागला. जड, खालच्या सुरांतली, जिन्यावरून उतरत यावी तशी. ब्राउनबरोबर रात्रभर बसून काही जमेना. पहाटे खिडकीबाहेर बघत ब्राउनने पहाट होत आल्याची ओळ लिहिली आणि गाणं सुरू झालं. मधल्या भागाला क्लॅप्टनने हातभार लावला. हेच ते 'सनशाईन ऑफ युअर लव्ह'.

मे १९६७. न्यूयॉर्कचा अटलांटिक स्टुडिओ, निर्माता फेलिक्स पापालार्डी, रेकॉर्डिंगला टॉम डाउड. व्हिसाची मुदत संपत आलेली, त्यामुळे 'डिझरायली गिअर्स' हा अख्खा दुसरा अल्बम मोजक्या दिवसांत उरकला. आणि या गाण्यात काहीतरी अडत होतं. रॉकमध्ये जोर साधारणपणे दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर पडतो, टाळ्याही तिथेच वाजतात. या गाण्यात बेकरने तो उलटा केला. जोर पहिल्या आणि तिसऱ्यावर, आणि तोही चकचकीत झांजांवर नाही, खोल आवाजाच्या ढोलांवर. सुरावट होती तीच राहिली, पण तिच्याखालची जमीन बदलली आणि ती एकदम उभी राहिली. आज कोणीही हे गाणं गुणगुणतो तेव्हा ते ढोल डोक्यात वाजतातच.

ही कल्पना कोणाची? डाउड सांगायचा, माझी: अमेरिकन काउबॉय सिनेमांत तिथल्या मूळ रहिवाशांचे ढोल वाजतात तसं वाजव, असं मी सुचवलं. बेकर सांगायचा, डाउडने काहीही सुचवलं नाही, ते माझं मी केलं. दोघेही आता नाहीत. खरं काय ते सोडा, पण बघा: भांडताहेत ते दोघेही कंसाबाहेरचे. दोघांपैकी ज्याची कल्पना असेल त्याला तिचा छदामही मिळाला नाही, कारण कायद्याच्या लेखी गाणं म्हणजे शब्द आणि चाल. ठेका म्हणजे गाणं नव्हे.

आपल्याला हे नवीन नाही. जुन्या ७८च्या तबकड्यांवर गायकाचं नाव ठळक असायचं, राग असायचा, तबला कोणी वाजवला ते बहुधा छापलेलं नसायचं. बालगंधर्वांच्या कंपनीत थिरकवाँसाहेबांसारखा माणूस साथीला बसत होता आणि त्यांच्या ठेक्याला लोक दाद देत होते, हे आपण कौतुकाने सांगतो. पण ती दाद रसिकाच्या मर्जीची, कागदावर तिची नोंद नाही. तरी आपल्याकडे निदान एक व्यवस्था होती. गवय्या गवय्याच्या जागी, साथीदार साथीदाराच्या. मोबदल्यात अन्याय होता, मानापमान होते, पण ठेका कोणी धरायचा याबद्दल संशय नव्हता. क्रीममध्ये मानापमान तर होतेच, वर ठेका कोणी धरायचा हेही ठरलेलं नव्हतं.

'डिझरायली गिअर्स' या नावाची कथा मात्र निखळ आनंदाची आहे. क्लॅप्टनला शर्यतीची सायकल घ्यायची होती आणि जुना सायकलपटू बेकर त्याला गिअरची माहिती देत होता. सामान वाहणारा मिक टर्नर मध्येच बोलला, हो हो, त्या डिझरायली गिअरच्या ना! त्याला म्हणायचं होतं डिरेलर, सायकलची साखळी एका गिअरवरून दुसऱ्यावर नेणारा भाग. व्हिक्टोरिया राणीचा पंतप्रधान डिझरायली उगीच सायकलच्या चाकात अडकला, तिघे हसून लोटपोट झाले आणि अल्बमचं नाव ठरलं. मार्टिन शार्प या ऑस्ट्रेलियन चित्रकाराने त्याला भडक गुलाबी-केशरी मुखपृष्ठ दिलं. नोव्हेंबर १९६७ मध्ये अल्बम आला आणि अमेरिकेत पहिल्या पाचांत गेला.

पण खरं क्रीम तोवर स्टुडिओबाहेर घडायला लागलं होतं. १९६७ च्या उन्हाळ्यात सॅन फ्रान्सिस्कोच्या फिलमोर सभागृहात तिथले कार्यक्रम भरवणाऱ्या बिल ग्रॅहमने त्यांना मोकळीक दिली: हवं ते वाजवा, हवं तितकं वाजवा. तीन-चार मिनिटांची गाणी पंधरा-वीस मिनिटं चालायला लागली. 'व्हील्स ऑफ फायर' या १९६८ च्या दुहेरी अल्बमची एक तबकडी अशाच मार्चमधल्या प्रत्यक्ष कार्यक्रमांची आहे. तिच्यातलं 'स्पूनफुल' सोळा मिनिटांच्या वर जातं. मी ते ऐकताना नेहमी एक खेळ खेळतो. एका वेळी एकाच्याच मागे कान लावायचा. क्लॅप्टनच्या मागे गेलं तर वाटतं, हा गातोय आणि बाकीचे साथ करताहेत. मग ब्रूसच्या मागे जा. तो साथ वगैरे काही करत नाही, त्याची स्वतःची वेगळी बढत चाललीय. बेकरच्या मागे जा, तर तो दोन पायांनी दोन बेस ड्रमवर तिसरंच काही सांगतोय. तिघे एकाच वेळी गवई. आपल्या जुगलबंदीतसुद्धा एक जण गात असताना दुसरा थांबतो, आणि खाली तबला दोघांनाही सम दाखवत असतो. इथे सम दाखवणाराच तान घेत सुटलेला.

हे जमतं तेव्हा अंगावर काटा येतो, खोटं कशाला बोलू. पाच-सात मिनिटं अशी येतात की तिघांपैकी कोणीही पुढचं ठरवलेलं नाही आणि तरी तिघे एका वळणावर एकदम वळतात. आणि जमत नाही तेव्हा तीन खोल्यांतून तीन रेडिओ ऐकू यावेत तसं होतं.

'टोड'चं म्हणाल तर ते याच अल्बमवर सोळा मिनिटांचं झालं आहे. ओळखीतल्या एका तबलावादक काकांना मी ते मोठ्या उत्साहाने ऐकवलं होतं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं. हात आणि पाय मोकळे आहेत, म्हणाले, पण लेहरा कुठंय? स्वतंत्र तबलावादनात हार्मोनिअमवर किंवा सारंगीवर तीच एक ओळ फिरत असते, वाजवणारा कितीही लांब गेला तरी ऐकणाऱ्याला समेचा पत्ता राहतो. 'टोड'मध्ये बाकीचे दोघे वाद्यं ठेवून मंचावरून निघूनच जातात. सोलो ऐकत असता बेकर एकटा पडलाय हे इतकं शब्दशः जाणवतं की मग त्याच्या पन्नास वर्षांच्या तक्रारीकडे मी थोडा वेगळ्या नजरेने बघतो.

मग आवाज वाढत गेला. हे लिहायला सोपं आणि सोसायला भयंकर होतं. मार्शलचे अॅम्प्लिफायर, एकावर एक चढवलेले. ब्रूसला स्वतःचं ऐकू येईना म्हणून त्याने आवाज वाढवला, मग क्लॅप्टनने, मग ब्रूसने पुन्हा. बेकरच्या ड्रमला कुठलं बटण? तो हाताने वाजवणारा माणूस, दोन भिंतींच्या मधोमध. कान बिघडले ते या काळात, असं तो सांगायचा. १९६८ चा अमेरिकेचा दौरा महिनोन् महिने चालला. तिघे वेगळ्या खोल्यांत राहायचे, मंचावर भेटायचे. त्याच दौऱ्यातल्या एका रात्री क्लॅप्टनने मुद्दाम वाजवायचं थांबवलं. बघू तरी. बाकीच्या दोघांच्या लक्षातही आलं नाही. ते वाजवत राहिले.

क्रीम मोडला तो माझ्या मते त्या रात्री. भांडणारी माणसं निदान एकमेकांकडे बघतात. इथे तिसरा थांबलाय हे कळायला जेवढं ऐकावं लागतं, तेवढंही कोणी ऐकत नव्हतं. बँड काढताना प्रत्येकाने साथीदार म्हणून दोन गवई निवडले होते, आणि प्रत्येकाची अपेक्षा होती की बाकीचे दोघे साथ करतील.

बाहेरचे घाव नंतर बसले. 'रोलिंग स्टोन' या नियतकालिकात समीक्षक जॉन लँडाऊने लिहिलं की क्लॅप्टन हा ब्लूजमधल्या ठरीव जागा घासून वापरण्यात पटाईत आहे. क्लॅप्टन सांगतो, हे वाचताना एका रेस्टॉरंटमध्ये आपण चक्कर येऊन पडलो. मला ते पटतं, कारण स्तुती खोटी आहे हे ज्याला आतून ठाऊक असतं त्यालाच अशी चक्कर येते. त्याच सुमारास त्याने 'द बँड' याच नावाच्या एका बँडच्या पहिल्या अल्बमची गाणी ऐकली: पाच माणसं, कोणीच पुढे सरसावत नाही, सगळे गाण्याची सेवा करताहेत. त्याला आपलं सगळं फोल वाटू लागलं. जुलै १९६८ मध्ये बँड मोडत असल्याचं जाहीर झालं. 'व्हील्स ऑफ फायर' तेव्हा अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर चढत होता. निरोपाच्या दौऱ्यात मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये त्यांना त्याबद्दल प्लॅटिनमची तबकडी देण्यात आली. कोणाच्याही निरोप समारंभात इतकी महागडी शाल कोणी घातली नसेल.

आता पुन्हा त्या कंसाकडे येतो, कारण तिथे माझं मत सरळ नाही. 'व्हाईट रूम' घ्या. ब्रूस आणि ब्राउन, दोन नावं. गाणं सुरू होतं ते पाच मात्रांच्या एका दणक्याने. ती सुरुवात आपली, असं बेकरचं म्हणणं, आणि ती काढली तर गाण्याचा दरवाजाच निखळतो. तेव्हा बेकरवर अन्याय झाला का? झाला. पण ब्रूसने तो केला का? गाणी लिहायला बसला ब्रूस. ब्राउनच्या अवघड ओळींना चाली लावल्या त्याने. आणि यातली सगळ्यात मोठी चपराक ही की पीट ब्राउनला मुळात बोलावलं होतं बेकरने, स्वतःबरोबर गाणी लिहिण्यासाठी. त्या दोघांचं जमलं नाही, ब्रूसशी जमलं. बेकरने माइक टेलर नावाच्या पियानोवाल्याबरोबर काही गाणी केली, ती अल्बमवर आहेत, विक्षिप्त आहेत, मला आवडतात, पण ती जाहिरातीत वाजत नाहीत. गाण्याची व्याख्या ज्यांनी शब्द आणि चाल एवढीच ठरवली त्यांना ड्रमरच्या घरचं भाडं भरायचं नव्हतं. बेकर त्या व्याख्येशी भांडू शकत नव्हता. ब्रूसशी भांडू शकत होता.

नंतरचं थोडक्यात. जानेवारी १९६९ मध्ये हेन्ड्रिक्सने बीबीसीवर लुलू या गायिकेच्या कार्यक्रमात चालू गाणं मध्येच तोडून 'सनशाईन ऑफ युअर लव्ह' वाजवायला घेतलं, मोडलेल्या क्रीमसाठी. ज्याला ऐकून ते सुचलं, तोच ते वाजवत होता. क्लॅप्टन आणि बेकर लगेच 'ब्लाइंड फेथ'मध्ये एकत्र आले, ते तर वर्षभरही टिकलं नाही. बेकर १९७१ मध्ये गाडीने सहारा ओलांडून लागोसला गेला, नायजेरियाचा संगीतकार फेला कुटी याच्याबरोबर वाजवलं, तिथे स्टुडिओ काढला. पोलोचे घोडे पाळले, पैसे बुडवले. ब्रूसने आयुष्यभर उत्तम आणि कमी खपणारं संगीत केलं. २००३ मध्ये त्याच्यावर यकृत प्रत्यारोपण झालं. मे २००५ मध्ये तिघे पुन्हा अल्बर्ट हॉलमध्ये उभे राहिले, चार रात्री. आवाज आटोक्यात, म्हातारे हात, एकमेकांकडे बघत वाजवलेलं. ते ध्वनिमुद्रण सुंदर आहे आणि मला ते ऐकवत नाही. फार समजूतदार आहे. ऑक्टोबरात न्यूयॉर्कला गेले, तिथे तीन रात्रींत जुनी धुसफूस पुन्हा डोकं वर काढून बसली आणि विषय संपला. ब्रूस २०१४ मध्ये गेला. गोल्डर्स ग्रीनला त्याच्या अंत्यविधीला बेकर आला होता.

ज्यांनी क्रीम ऐकलेलं नाही त्यांनी सुरुवात 'क्रॉसरोड्स'पासून करावी. रॉबर्ट जॉन्सनचं १९३६ चं गाणं, क्रीमने १० मार्च १९६८ ला सॅन फ्रान्सिस्कोच्या विंटरलँडमध्ये वाजवलेलं. जेमतेम सव्वाचार मिनिटं. रॉकमधल्या गिटारवादनाचा नमुना म्हणून पोरं ते आजही सुरासुराने पाठ करतात. क्लॅप्टनला ते आवडत नाही. त्याला वाटतं, मधे कुठेतरी आपण हरवलो होतो, एक कुठे आणि चार कुठे याचा पत्ता राहिला नव्हता, आणि असं त्या काळात वरचेवर व्हायचं. ब्लूजचं चक्र चार-चार मात्रांच्या बारा खंडांचं. बोटांवर मोजत ऐकलंत तर दुसऱ्या, लांबच्या सोलोत ते तुमच्याही हातून निसटेल. क्लॅप्टन एका समेच्या मागे, बेकर दुसऱ्या, ब्रूस दोघांच्या अंगावर चालून येत असलेला. मी कितीदा मोजलं, दर वेळी वेगळ्या ठिकाणी घसरतो. आणि शेवटच्या कडव्याला तिघे बरोबर एकत्र येतात. कोणी कोणाला सांभाळून घेतलं, ते अजून कळलेलं नाही.